छोट्या कंपनीतून, तापट मालकाकडून नीट बाहेर पडताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या पंधरा-वीस माणसांच्या कंपनीत एचआर विभाग नसतो. पगार मालक ठरवतात, रजा मालक देतात, अनुभवाच्या दाखल्यावर सही त्यांचीच लागते. नव्या ठिकाणाहून चौकशीचा फोन आला तर तोही तेच उचलतात. म्हणून भांडण झालं त्या दिवशी तोंडी राजीनामा देऊन निघून येऊ नये. महिन्याचा पगार खात्यात जमा होऊ द्यावा, मग कागदावर द्यावा.

पत्र चार ओळींचं पुरे: पद, राजीनाम्याची तारीख, नोटीस किती दिवसांची आणि कामाचा शेवटचा दिवस कोणता. बहुतेक जण शेवटी ‘राजीनामा मंजूर करावा ही विनंती’ लिहितात आणि तिथेच अडकतात. मग मालक दोन महिने ‘मी मंजूर कुठं केलाय?’ म्हणत बसवून ठेवतात. त्याऐवजी ‘अमुक तारीख हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील’ असं लिहावं. कारण ‘वैयक्तिक’ एवढंच. अपमान, ओरडणं, उशिरा होणारे पगार हे सगळं खरं असलं तरी या पत्रात नको. थकलेल्या पगाराचं पत्र वेगळं द्यावं.

नेमणूकपत्रात नोटीस लिहिली असेल तर तीच पाळावी. सोलापुरात कित्येक ठिकाणी नेमणूकपत्रच मिळत नाही. तिथे ३० दिवस देणं रास्त. पत्राच्या दोन प्रती काढून एकीवर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल करावा आणि स्पीड पोस्टानेही पाठवावं. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्ट आणि पोहोचल्याचा पुरावा मागावा.

पत्र देण्याआधी दोन कामं उरकावीत. पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे, पीएफचं पासबुक आणि नेमणुकीचा जो काही कागद असेल तो घरी आणावा. ऑफिसच्या संगणकावरचे स्वतःचे फोटो, कागदपत्रं काढून घ्यावीत. पार्ट्यांची म्हणजे ग्राहकांची यादी, दरपत्रकं, डिझाइनच्या फायली यांना मात्र हात लावू नये. चिडलेल्या मालकाला पोलीस ठाण्यात जायला तेवढं निमित्त पुरतं.

समोरासमोर बोलणं पाच मिनिटांत आटोपावं. ‘काय कमी केलं बे तुला?’, ‘दिवाळीपर्यंत थांब की’, ‘पगार वाढवतो’ हे येणारच. कारणांवर वाद घातला की तास जातो आणि प्रत्येक कारणावर नवं आश्वासन मिळतं. ‘मालक, निर्णय झालाय. ३० तारखेपर्यंत आहे, काम नीट लावून देतो,’ हेच शांतपणे पुन्हा सांगावं. नवी कंपनी कोणती, हे सांगायची गरज नाही. या गावात टॉवेलवाले, युनिफॉर्मवाले सगळे एकमेकांना ओळखतात. एका फोनवर जमलेली नोकरी फिसकटू शकते. ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणाले, तर त्याच संध्याकाळी ईमेल करावा: मी नोटीस पूर्ण करायला तयार आहे, आपण आजच कामावर येऊ नका असं सांगितलं आहे.

काम सोपवण्यात सगळ्यात दुर्लक्ष होतं ते मोबाइल नंबरकडे. छोट्या कंपनीत जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, पीएफचं मालकाचं लॉगिन, बँकेचे अलर्ट हे बऱ्याचदा अकाउंटंटच्या स्वतःच्या नंबरावर असतं. तो नंबर न बदलता बाहेर पडलात की दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, म्हणजे रिटर्न भरायच्या वेळी, ओटीपीसाठी फोन येत राहतात. पुढे काही गडबड निघाली तर बोटही तुमच्याकडेच दाखवलं जातं. म्हणून पत्र दिल्या दिवसापासून एकेक नंबर आणि ईमेल बदलून घ्यावा. डिजिटल सहीचं टोकन, टॅलीचा पासवर्ड, चाव्या, सिम, लॅपटॉप, रोकड या सगळ्यांची यादी करून, शेवटच्या दिवशी त्यावर सही घेऊनच द्यावं.

पैशांत उचलीचा हिशेब आधी. उचल किती, फिटली किती, बाकी किती, हे लिहून मागावं, नाहीतर शेवटच्या पगारातून मनाला येईल तो आकडा कापला जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचं वेतन नोकरी सुटल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत द्यायचं असतं. बोनसची तरतूद लागू असलेल्या ठिकाणी वर्षात ३० दिवस काम झालं असेल, तर वर्षाच्या मध्येच सोडणाऱ्यालाही त्या काळाचा किमान ८.३३ टक्के बोनस लागतो.

दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल, तर ग्रॅच्युइटी मिळते: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १८,००० रुपये आणि सहा वर्षं असतील तर सुमारे ६२,३०८ रुपये. अर्धा पगार रोखीत घेणाऱ्यांचं इथे नुकसान होतं, कारण रोखीचा पुरावा नसतो. मालक टाळाटाळ करत असतील तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा.

कामावर घेताना सह्या करून घेतलेले कोरे चेक परत मागावेत. देत नसतील तर चेकचे नंबर लिहून लेखी मागणी करावी आणि बँकेत ते थांबवावेत. मूळ मार्कशीट अडवून ठेवायचाही मालकांना हक्क नाही. ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास पैसे भरीन, असा लिहून दिलेला बाँड मात्र सरसकट हसण्यावारी नेऊ नये: २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा २ लाखांचा बाँड वैध ठरवला आहे. प्रशिक्षणावर खरा खर्च झाला असेल तर वकिलाला दाखवून घ्यावं. ‘सोलापुरात याच धंद्यात पुन्हा नोकरी करायची नाही’ ही अट नोकरी सोडल्यानंतर सहसा टिकत नाही. करार कायद्याचं कलम २७ तिच्या आड येतं.

पीएफचं काम शेवटच्या दिवसानंतरही उरतं. मालकांनी सोडल्याची तारीख भरली नाही तर जुनी रक्कम नव्या खात्यात वळत नाही. शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी ती तारीख पोर्टलवर ‘मार्क एक्झिट’मध्ये आधारच्या ओटीपीने स्वतः भरता येते. भरल्यावर ती बदलणं सोपं नसतं, म्हणून राजीनाम्याच्या पत्राशी ताडून पाहावी. पगारातून कापलेला हप्ता पासबुकात दिसतच नसेल, तर स्लिप जोडून पीएफच्या सोलापूर कार्यालयात तक्रार द्यावी.