पनीरचे एकशे साठ डोळे

३१ ऑक्टोबरला संध्याकाळी साडेपाचला, हॅलोवीनच्या पार्टीचे पाहुणे यायला अर्धा तास उरलेला असताना, मी पनीरचे १६० तयार डोळे एकेक करून आडवे कापायला घेतले. ऑर्डर दिलेल्या वहिनी समोरच उभ्या होत्या. "ताई, फोटोत गोल आहेत ना!" एवढंच त्या म्हणत होत्या. आठवडा झाला, तरी तो अर्धा तास माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचं रसोडं बडोद्यात दांडिया बाजारात, आणि हॅलोवीनची पार्टी भायलीकडच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसात. १२० माणसं, त्यांत चाळीसेक मुलं, पंधरा जैन. सगळं भुताटकीचं दिसायला हवं, आणि सगळं शाकाहारी, अंड्याशिवाय. जैनांसाठी कांदा, लसूण, बटाटा, बीट, गाजर, मशरूम बाद. परदेशी पाककृती इथेच अर्ध्या गळतात, कारण त्यांत रक्त बीटाचं, ममी सॉसेजची, थरथरणारी जेली जिलेटिनची. रसोड्यातल्या बेनना मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. काळी चौदशीला, म्हणजे नरकचतुर्दशीला, वडे चौकात ठेवून, भोवती पाण्याचं वर्तुळ काढून घरातला कंकास, म्हणजे भांडणतंटा, घालवून त्या नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या.

चेटकिणीची बोटं मी कडबोळ्याच्या पिठाची केली. बिस्किटाच्या पिठाचं बोट ओव्हनमध्ये फुगतं आणि गुबगुबीत बाळाचं दिसतं. भाजणीचा रंगच तपकिरी, पोत खडबडीत, वर तीळ-ओवा. अर्धा किलो भाजणीला चार मोठे चमचे कडकडीत मोहन, उकळतं पाणी, वीस मिनिटं झाकण. बोट नऊ सेंटिमीटर लांब, दोन सांध्यांमध्ये बारीक. सांध्यावर सुरीच्या तीन चिरा खोल द्यायच्या, वरवरच्या चिरा तेलात बुजतात. नखासाठी बदाम कच्च्या पिठात रुतवला की आतली वाफ त्याला उडवते. म्हणून बदामाने फक्त खळगा करायचा, मंद आचेवर तळायचं, आणि गार झाल्यावर सोललेला अर्धा बदाम चिंच-खजुराच्या आटवलेल्या चटणीने चिकटवायचा. कडेने चटणी किंचित बाहेर येते, तेच रक्त. लहान मुलांच्या ताटासाठी नख बदामाच्या पातळ कापाचं.

ममीसाठी पनीरच्या सात सेंटिमीटरच्या कांड्या, भोवती पफ पेस्ट्रीच्या बोटाच्या अर्ध्या रुंदीच्या पट्ट्या. इथे घात पनीरच्या पाण्याने होतो. ते भाजताना सुटतं आणि खालची पट्टी कच्ची, चिकट राहते. कांड्या फडक्यात गुंडाळून तासभर वजनाखाली ठेवायच्या, मग भाजलेल्या बेसनात घोळवायच्या. उरलासुरला ओलावा बेसन पितं. आपल्याकडे ऑक्टोबरअखेरही दुपारी पट्ट्यांतली चरबी हातात वितळते, त्यामुळे गुंडाळलेला ट्रे वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून थेट २०० अंशांच्या ओव्हनमध्ये. डोळ्यांना कलौंजी. अख्खी मिरी लावणारे पुष्कळ आहेत. ती दाताखाली आली की मूल पुढचा घास घेत नाही.

वहिनींना काळ्या पुऱ्याही हव्या होत्या, कोळशाची पूड घातलेल्या. मी नाही म्हटलं. औषधी कोळसा पोटातली औषधं शोषून घेतो, आणि पार्टीला रक्तदाबाची, साखरेची गोळी घेणारे आजी-आजोबा असतातच. आपल्याकडे परवानगी असलेल्या कृत्रिम रंगांच्या यादीत काळा नाही. भाजलेल्या काळ्या तिळाचं कूट घातलं की पुरी पाटीसारखी करडी होते, आणि त्या पिवळ्या दिव्यांत तेवढं पुरतं.

आता डोळे. एक किलो ताजं पनीर, ६० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, दोन चमचे दूध पावडर, पांढरी मिरपूड. मीठ अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. तळहाताच्या टाचेने सहा-सात मिनिटं मळायचं, बारीकशी भेगही दिसता कामा नये. बारा ग्रॅमचा गोळा, सात मिनिटं वाफ. तळायचा नाही, पांढरा राहायला हवा. गार होताना वर ओलसर मलमल, नाहीतर पिवळी साय धरते. बुबुळाला हिरव्या सिमला मिरचीची चकती, तिच्यावर काळ्या ऑलिव्हची. ऑलिव्ह धुऊन कोरडं पुसलं नाही तर पनीरवर करडा डाग पसरतो. शिरा काश्मिरी मिरचीच्या. भिजवून, बिया काढून, वाटून, गाळून, व्हिनेगर आणि चिमूटभर कॉर्नफ्लोअर घालून शिजवायचं, आणि टूथपिकने ओढायचं. या शिरांना दोन बेनना अडीच तास लागले. ते डोळे खरोखर बघत होते.

क्लबहाउसात पोहोचलो तर सजावटवाल्याने खाण्याच्या टेबलावरच पॉलिस्टरच्या तंतूंची कोळिष्टकं ताणलेली. सजावटवाल्यांना खाण्याचं टेबल म्हणजे आणखी एक भिंत वाटते. ते तंतू सुटतात, चीजला चिकटतात, पिवळ्या उजेडात दिसत नाहीत आणि घशात टोचतात. सगळं काढायला लावलं. त्यात पंधरा मिनिटं गेली, शब्दाला शब्दही लागला.

तेवढ्यात एक आजी दोन-सव्वादोन वर्षांच्या नातीला घेऊन लवकर आल्या. नातीने ट्रेमधून डोळा उचलला. आजींनी तो तिच्या हातातून घेऊन बोटांनी कुस्करायला सुरुवात केली, आणि तो कुस्करेना. रबरासारखा दबून परत गोल झाला. मी मळून मळून आणलेला तो गुळगुळीतपणाच तिथे आडवा आला होता.

बारा ग्रॅमचा गोळा पावणेतीन सेंटिमीटरचा. गोल, घट्ट, ओलसर, निसरडा. पाच वर्षांखालच्या मुलांना द्राक्षंसुद्धा उभी चार तुकडे करून द्यायची, ती याच कारणाने. असा गोल घास लहान श्वासनलिकेत बुचासारखा बसतो, आणि बाजूने हवा जायला फट राहत नाही. बदामाच्या नखाचा विचार मी केला होता. डोळ्यांचा केला नव्हता. चाळीस मुलं हा आकडा माझ्याकडे आठ दिवस होता, त्यांची वयं मी विचारली नाहीत.

म्हणून कापले. वरचा अर्धा भाग, बुबुळासकट, मिनी खाखऱ्यावर चक्क्याचं बोट लावून बसवला.  खालच्या अर्ध्यांना ऑलिव्ह पुरेना, त्यांना काळ्या तिळाची चिमूट. लहानग्यांच्या ताटासाठी डोळ्यांचा सरळ चुरा केला आणि खाखऱ्यावर भुरभुरला. खाखऱ्यावरचा अर्धा डोळा घरंगळत नाही, वर बघत पडून राहतो, आणि मला तो गोल डोळ्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटला. वहिनींना नाही वाटला. त्यांनी पैसे पूर्ण दिले, पण "फोटोसारखं झालं नाही" हे जाताना पुन्हा म्हणाल्या. त्यांचंही खोटं नाही, फोटो दाखवूनच ठरवलं होतं.

मला खटकतं ते वेगळंच. डोळे का कापले ते मी फक्त वहिनींना सांगितलं, तेही हळू आवाजात. कापण्याआधी दोन ट्रे बाहेर गेले होते. ते परत आणले, पण त्यांतले सहा-सात डोळे उचलले गेले होते. ते कोणी खाल्ले, कोणाच्या हातात होते, मी बघायला गेले नाही. माइक तिथेच पडला होता. पार्टी सुरू व्हायच्या आधी घबराट नको, असं त्या क्षणी वाटलं. काही झालं नाही. आजींनी तो डोळा शेवटी दातांनी तोडून नातीला भरवला.

रविवारी रसोड्यात तेच डोळे बटण इडलीच्या साच्यात करून पाहिले. साच्याला तूप, किलोला कॉर्नफ्लोअर ६० ऐवजी २५ ग्रॅम, मळणं तीनच मिनिटं, वाफ पाच मिनिटं. खालून सपाट, वरून घुमट, आणि बोटाने दाबला की फुटतो. बारीक भेगा पडतात, त्यांत मिरचीची शीर आपोआप ओढली जाते. ऑलिव्हची चकती मात्र अजून घसरते.