हातावर तुरी

रविवारी जेवणं झाल्यावर पुतणी मराठीची वही घेऊन आली. सातवीत आहे. ‘वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’, असे दहा. मी पेंगत होतो. “काका, बघा ना, बरोबर आलंय का,” म्हणत तिनं वही माझ्या नाकासमोर धरली.

हातावर तुरी देणे. अर्थाची जागा कोरी. पुढं वाक्य : ‘आडत्याने आजोबांच्या हातावर तुरी दिल्या.’

झोप उडाली. चूक तर होतीच, पण लातूरकडच्या पोरीनं दुसरं काय लिहावं? सोयाबीनमध्ये दर काही ओळींनंतर तुरीच्या ओळी आमच्या रानात ठरलेल्याच. सध्या बीडीएन ७११ या वाणाची तूर आहे, बदनापूरच्या संशोधन केंद्रातली. रास झाली की आजोबांच्या मागं लागून ही आडतीवर, म्हणजे शेतमाल विकून देणाऱ्या आडत्याच्या दुकानी, जाते. तिथं खरेदीदार पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो, फुंकर मारून कचरा उडवतो, एखादा दाणा दाताखाली धरून ओल बघतो आणि उरलेल्या तुरी आजोबांच्या हातावर ठेवून भाव सांगतो. तिनं जे पाहिलं ते लिहिलं.

आमच्या वेळी याचं एकच उत्तर होतं. ‘शिवाजी महाराज औरंगजेबाच्या हातावर तुरी देऊन आग्र्याहून निसटले.’ साठ जणांच्या वर्गात महाराज साठ वेळा निसटायचे. १६६६ हे साल इतिहासापेक्षा मला मराठीच्या तासामुळंच पाठ आहे.

मराठीच्या तासाला काय शिकलो म्हणाल तर गण, अलंकार, समास, शुद्धलेखनाचे नियम. नियम अठरा : १९६२ चे चौदा, त्यात १९७२ ला आणखी चार. त्यातले किती माझ्या हाताला लागले ते या लेखात दिसेलच. पण जन्मभर रुतून बसले ते प्रयोग. राम आंबा खातो, कर्तरी. रामाने आंबा खाल्ला, कर्मणी. पिढ्यान् पिढ्या राम आंबा खातोय, कंटाळत नाही. आंब्यापर्यंत माझंही ठीक होतं. सरांनी फळ्यावर ‘मी भाकरी खाल्ली’ लिहिलं आणि गाडं अडलं.

आमच्या घरी ‘मी भाकर खाल्लो’ असतं. औसा-निलंग्याकडं सगळेच असं बोलतात. कानडीचा शेजार असल्यानं असेल. तिकडं क्रियापद कर्त्याच्याच मागं जातं. म्हणजे कर्मणी प्रयोग आमच्या गावात फक्त शाळेत असायचा, गणवेशासारखा.

मी उठून विचारलं, “सर, खाल्ली म्हणायला मी काय पोरगी हाव का?”

वर्ग फुटला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी ‘भाकरी’खाली खडूनं दोन रेघा ओढल्या, खडू मोडला. म्हणाले, “लिंग तुझं नाही, भाकरीचं.” मला ते फार लागलं. भूक माझी, चावलं मी, आणि क्रियापद भाकरीच्या बाजूचं! मधल्या सुट्टीत हेच सर व्हरांड्यात उभं राहून विचारत होते, “काय रे, भाकर खाल्लास का?”

अजूनही तसंच चालू आहे. ऑफिसात ‘मी फाईल पाठवली’ म्हणतो. फोन आईचा असला की ‘चिठ्ठी पाठवलो’. तोंडाला आपोआप कळतं समोर कोण आहे.

पुतणीचा थोरला भाऊ २०१६ मध्ये सातवीत होता. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. घरात तोंड धुतलेलं पाणी बादलीत साठवून संडासात वापरत होतो. त्यानं वहीत लिहिलं होतं : पाण्यासारखा पैसा खर्च करणे, अर्थ, फार जपून खर्च करणे. मी तेव्हाही खोडरबर पुढं केलं होतं.

आत्ताही केलं. “अर्थ लिही, फसवून निसटून जाणे.”

“पण तुरीच का? हरभरे का नाहीत?”

मला येत नव्हतं. “परीक्षेत विचारत नाहीत ते,” म्हणालो. हे उत्तरही मी सरांकडूनच शिकलेलो. तिनं तोंड वाकडं केलं आणि ‘आडत्याने’पासून खोडायला सुरुवात केली.

“खोडू नगं गं,” बाजेवरून अण्णा, तिचे आजोबा, बोलले. मला वाटलं होतं ते झोपलेत. “बरोबर लिवलीस की.”

“अण्णा, अर्थ वेगळा आहे त्याचा. फसवून पळून जाणे.”

“मंग? तेच केला की त्यो.”

आणि मला आठवलं. मी बारावीला होतो. भाव चढेल म्हणून अण्णांनी सगळी तूर आडतीवर ठेवली होती, एका कच्च्या चिठ्ठीवर. होळीनंतर गेले तर दुकानाला कुलूप. पुढं आठ-दहा चकरा झाल्या, मग चकराही थांबल्या. त्या वर्षी पुण्याला शिकायला जायचं माझं राहिलं. का राहिलं ते घरात कुणी कधी बोललं नाही, मीही विचारलं नाही. ती चिठ्ठी देव्हाऱ्याच्या फळीवर बरीच वर्षं होती.

पुतणीनं खोडरबर बाजूला ठेवलं. ‘आडत्याने’ अर्धवट पुसला गेला होता, तो तिनं पेन्सिल दाबून पुन्हा गिरवला.

“चौदा पोते होते,” अण्णा कुशीवर वळत म्हणाले. “ते बी लिव म्हणावं.”

“एकाच वाक्यात लिहायचं असतं, आजोबा,” ती म्हणाली, आणि पुढच्या वाक्प्रचाराकडं वळली.