तक्त्यावर 6/9, जिन्यावर बसून

"मॅडम, टीव्हीवरची खालची पट्टी आई माझ्याआधी वाचते. आणि घरात उंबऱ्याला अडखळते. लक्ष नसतं तिचं, दुसरं काय!" मुलगा वैतागला होता.

आजींना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. चष्मा लावून अक्षरांच्या तक्त्यावर नजर 6/9, म्हणजे तसं चांगलंच. पण काचबिंदू नजर कडेकडेने खातो, मधली नजर बराच काळ शाबूत राहते. फील्ड टेस्टच्या, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं त्या तपासणीच्या, कागदावर आजींच्या नजरेचा खालचा भाग जवळजवळ सगळा काळा आला होता. पाय जिथे टाकायचा, नेमकं तिथलंच दिसत नव्हतं.

मुलाला बाहेर बसवून मी आपल्याकडची 33 प्रश्नांची प्रश्नावली काढली, इंडियन व्हिजन फंक्शन क्वेश्चनेअर. नजरेमुळे रोजच्या कामांत काय अडतं ते विचारणारी. अमेरिकेतली 25 प्रश्नांची गाडी चालवण्याबद्दलही विचारते. आजींना त्याचा काय उपयोग? आपली जिना, रस्त्यातले खड्डे असलं विचारते.

"आजी, जिना उतरता येतो?"

"येतो की."

"त्रास होतो?"

"छे."

"उतरता कशा?"

"घरी कोणी नसलं की बसून. एकेक पायरी."

लग्नकार्यांना जाणं त्यांनी बंदच केलं होतं. पंगतीत वाढणारा कुठे उभा आहे ते कळत नाही, हात लागून वाटी सांडते, लोक बघतात. "आता जातच नाही, मग त्रास कसला?"

मला या प्रश्नावलीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते उत्तरांच्या पर्यायांतलं शेवटचं घर: 'नजरेमुळे हे करूच शकत नाही.' नुसतं 'त्रास होतो का' विचारलं, तर ज्या बाईने ते काम सोडून दिलंय तिचं उत्तर 'नाही' असंच येतं, आणि आपण ते खरं धरून बसतो. आजींच्या कागदावर त्या घरात एकामागून एक खुणा होत गेल्या.

मग मुलाला आत बोलावून फील्डचा कागद समोर ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला. "अगं आई, बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मला गॅसजवळ उभं राहू दिलं असतंस?"

पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी, उतरताना मान खाली घालून बघायची सवय, दूध गडद रंगाच्या कपात आणि काळा चहा पांढऱ्या, म्हणजे काठापर्यंत आलेलं कळतं, एवढं लिहून दिलं. गॅसबद्दल मुलाला निक्षून सांगितलं: शेगडीजवळ उजेड वाढवा, पण स्वयंपाकघर त्यांच्याकडेच राहू द्या.