स्लॅम कट्टा : ‘व्यासपीठ सूर’ एकदाचा मोडला

ज्यांनी मागचे हप्ते वाचलेत त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: मी अकरावीच्या पोरांकडून स्लॅम, म्हणजे स्वतःची कविता सादर करून प्रेक्षकांतल्या परीक्षकांकडून गुण घ्यायची स्पर्धा, करून घेतोय. ‘व्यासपीठ सूर’ म्हणजे वक्तृत्व स्पर्धेतला तो चढा, ताणलेला, ठरीव आवाज, आणि तो पोरांच्या कवितेतून घालवायचा खटाटोप चाललाय. शनिवारी तो एका पोरीच्या गळ्यातून पूर्ण गेला. बाकीच्यांचा अजून आहे, पण एकीचा गेला म्हणजे जातो, एवढं तरी कळलं.

आधी नियमांचं थोडक्यात. नियम शिकागोचेच ठेवलेत. मार्क स्मिथनं 1986 साली ‘ग्रीन मिल’मध्ये सुरू केलेल्या स्लॅममधून जी पद्धत रुळली तीच. कविता स्वतःची, वेळ 3 मिनिटं, वर 10 सेकंदांची सवलत, त्यापुढे दर 10 सेकंदांना अर्धा गुण वजा. वाद्य नाही, वेशभूषा नाही, हातात वस्तू नाही. प्रेक्षकांतून 5 परीक्षक, 0 ते 10 गुण, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा उडवायचा, उरलेल्यांची बेरीज 30 पैकी. गुण दाखवायला पांढरे बोर्ड आणि मार्कर घेऊ नका, मार्कर नेमका फायनलला वाळतो. शाळेच्या साध्या पाट्या आणि खडू, विषय संपला. पहिला बळीचा बकरा मीच झालो (परीक्षकांचा हात बसावा म्हणून स्पर्धेबाहेरची एक कविता आधी होते ना, ती). अकरावीच्या पोरांनी मास्तरला 4.5 दिले आणि वर टाळ्या वाजवल्या.

आता सूर. आमच्याकडची पोरं पाचवीपासून वक्तृत्व स्पर्धांत घासलेली. ओळीच्या शेवटी आवाज वर, शेवटचा शब्द ताणायचा, ‘आई’ आली की उजवा हात छातीवर, ‘माती’ आली की तोच हात खाली. कविता कसलीही असो, ऐकताना वाटतं की आता ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ येणार. खुर्चीवर बसवून म्हणायला लावलं, तर बसल्या बसल्या हात हलले. प्रेक्षकांकडे पाठ करून उभं केलं, तर आवाज आणखी चढला, कारण आता भिंतीच्या पलीकडच्यांनाही ऐकू जायला हवं! हळू म्हणा म्हटलं की तोच सूर हळू वाजतो.

मग वाटलं, आपल्याकडे काय कमी आहे, शाहिरी आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाबद्दल सांगितलं, पोवाडे ऐकवले. विंदा, बापट, पाडगावकर गावोगाव जाऊन कविता म्हणायचे आणि लोक तिघांना तीन वेगळ्या गळ्यांसाठी ऐकायचे, हेही सांगितलं. परिणाम? दोन पोरं आता हजेरीसुद्धा पोवाड्यात देतात. ऐकायला भारी वाटतं, पण सूर मोडला नाही, एकावर दुसरा चढला. आणि ज्यांना शाहिरी झेपत नाही ती रील्समधल्या कवींकडे वळली, मागे उदास पियानो आणि दर ओळीनंतर एक सुस्कारा. वक्तृत्वापेक्षा हा रोग वाईट, माझं स्पष्ट मत.

शनिवारी एसटीनं येणारी एक मुलगी कविता घेऊन आली. सुरुवात अशी: ‘हे लालपरी, तू ग्रामीण जीवनाची जीवनवाहिनी’. तिला म्हटलं, कागद ठेव. पहिल्या तासाला का नव्हतीस ते मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठव. लिहायचं नाही, बोलायचं. ती कोपऱ्यात गेली, फोन तोंडाजवळ आडवा धरला आणि बोलली. ते परत ऐकलं तेव्हा खोलीत कुणी हललं नाही:

‘सातची आलीच नाय. साडेसातची आली, थांबली नाय. कंडक्टरनं हात केला, मागनं येतीया. मागनं धुरळा आला.’

हात नाही, ताण नाही, ‘धुरळा’ तर जवळजवळ गिळलेला. मग तेच जसंच्या तसं कागदावर उतरवलं, फक्त फाफटपसारा काढला. इथं एक सावधगिरी: उतरवायला फोनचं व्हॉइस टायपिंग वापरू नका. आमच्या फोननं ‘नाय’चं ‘नाही’ आणि ‘मागनं’चं ‘मागून’ करून ठेवलं, आणि ती वाचायला लागताच सूर परत हजर. हातानंच लिहा, जसं ऐकू येतं तसं. माझा अंदाज असा की पोरं ज्या भाषेत भांडतात, चिडवतात, रडतात, त्या भाषेत त्यांनी कधी लिहिलेलंच नसतं. पुस्तकी मराठी पुढे आली की गळा आपोआप व्यासपीठावर चढतो.

माईकवरही टिकलं. 2 मिनिटांच्या आत, 30 पैकी 26.4. खरी अडचण स्पीकरवाल्याची झाली. मंडपवाल्याचा पोऱ्या एको काढायलाच तयार नव्हता. ‘सर, एको नसला तर आवाज साधा वाटतो.’ अरे बाबा, साधाच पाहिजे! शेवटी वायर काढली. पुढच्या वेळी वर्गातच आणि माईकशिवाय, असं ठरवून टाकलंय.

खरं तर पुढचा टप्पा पाठांतराचा ठेवला होता, कागद न घेता फायनल. तो पुढे ढकलतोय. आधी सगळ्यांच्या व्हॉइस नोट. कुणाला पाठवायची ते नाव आधी ठरवायचं, कारण ‘सर्वांना’ म्हटलं की व्यासपीठ आलंच.

आणि हे लिहिता लिहिता सुचलं: ती पोवाड्यातली दोन पोरं वाया का घालवायची? स्लॅममध्ये दोघातिघांनी मिळून कविता सादर करता येते. डफ-तुणतुणं नियमात बसत नाही, पण झील (पोवाड्यात मागचे साथीदार ओळीच्या शेवटी धरतात तो सूर) तोंडानं धरायला कोण अडवतंय? एसटीवाली साध्या आवाजात सांगेल, ‘थांबली नाय’ आलं की हे दोघे मागून ‘जी जी रं जी’ उचलतील. चुटक्या वाजवून दाद द्यायची स्लॅममधली पद्धत आमच्या खोलीत पंख्यांच्या घरघरीत ऐकूच येत नाही, तेव्हा प्रेक्षकांनाही झीलच देऊन टाकावी म्हणतो. वेळ मोजताना झील धरायची की वगळायची, हे कुणी करून बघितलं असेल तर सांगा. एसटीवालीला मात्र अजून विचारलेलं नाही, ती सरळ ‘नाय’ म्हणू शकते.