तुम्ही विचारलंत म्हणून : पंपाच्या पडद्यावर प्रत्येक औषधाला वेगळा रंग का नाही?

सोलापुरातल्या रुग्णालयांमधली यंत्रे तपासण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी करतो. सिरिंज पंप, म्हणजे सिरिंजमधले औषध ठरवलेल्या वेगाने रुग्णाच्या शिरेत ढकलणारे यंत्र, पाहायला आयसीयूमध्ये गेलो की एखादी नवी सिस्टर, नाहीतर रुग्णाचा मुलगा हटकून विचारतो, "साहेब, पडद्यावर प्रत्येक औषधाला वेगळा रंग दिला, तर चूक होणारच नाही ना?" उभ्याउभ्या मी 'तितके सोपे नाही' एवढेच म्हणून निसटतो, म्हणून आज सविस्तर लिहितो.

रंग निरुपयोगी आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. शिरेत लावायच्या सुईचेच पाहा : 'गुलाबी दे' म्हटले की २० गेजची आणि 'हिरवी दे' म्हटले की १८ गेजची सुई हातात येते, आकडा कुणी उच्चारतही नाही. पण त्या सुया मोजक्याच आहेत. औषधांचे तसे नसल्यामुळे सिरिंजवरच्या लेबलांसाठी जो आंतरराष्ट्रीय संकेत आहे, त्यात रंग औषधाला नव्हे, तर औषधाच्या गटाला दिलेला असतो : भूल सुरू करण्याच्या औषधांना पिवळा, स्नायू शिथिल करणाऱ्यांना लाल, अफूवर्गीय वेदनाशामकांना निळा, रक्तदाब वाढवणाऱ्यांना जांभळा. काही पंप पडद्यावर औषधाच्या नावाभोवती हेच रंग दाखवतात.

आता एका रात्रीची गोष्ट सांगतो. रुग्णालयाचे नाव सांगत नाही. एकाच स्टँडवर नॉरअॅड्रेनॅलिन आणि व्हॅसोप्रेसिन असे दोन पंप वरखाली लावलेले होते आणि दोन्ही औषधे रक्तदाब वाढवणारी असल्याने दोन्ही पडदे जांभळे होते. डॉक्टरांनी नॉरअॅड्रेनॅलिनचा वेग वाढवायला सांगितला, आणि सिस्टरने तो व्हॅसोप्रेसिनचा वाढवला. काही मिनिटांतच ते दुसऱ्या सिस्टरच्या लक्षात आले, रुग्णाला इजा झाली नाही. पण मला बोलावून 'पंप बिघडला आहे का' असे विचारण्यात आले. पंप ठणठणीत होता. सिस्टरने जांभळा रंग पाहिला होता, नाव वाचले नव्हते.

दुसरी अडचण अशी की, त्याच पडद्यावरचे काही रंग आधीच दुसऱ्या कामाला लागलेले आहेत. वैद्यकीय उपकरणांच्या अलार्मसाठीच्या मानकानुसार तातडीच्या इशाऱ्याचा दिवा लाल असतो आणि वेगाने लुकलुकतो, मधल्या इशाऱ्याचा पिवळा असतो आणि संथपणे लुकलुकतो. वेग वेगळा ठेवल्यामुळे लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या माणसालाही तातडी ओळखता येते, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट. पण औषधाचा लाल आणि अलार्मचा लाल एकाच पडद्यावर आले, की रात्री तीन वाजता थकलेल्या डोळ्यांना ते निवडून काढावे लागतात.

नातेवाइकांचा भरवसा हिरव्या दिव्यावर असतो. "हिरवा आहे, म्हणजे ठीक ना?" या प्रश्नाला खरे उत्तर देणे मला नेहमी जड जाते, कारण तो दिवा बहुतेक पंपांत एवढेच सांगतो की औषध पुढे ढकलले जात आहे. सिरिंजमध्ये नेमके काय भरले आहे, हे पंपाला कळत नाही. पंपात भरलेल्या औषधांच्या यादीतून सिस्टरने जे नाव निवडले, तेच तो खरे मानतो. चुकीचे नाव निवडले गेले, तर त्याचा चुकीचा रंगही पंप तितक्याच खात्रीने दाखवतो.

माझे वडील इथल्या एका रंगशाळेत चादरींचे सूत रंगवत. ट्यूबलाइटखाली ते कधीही शेड पास करत नसत, लडी घेऊन बाहेर उन्हात येत. आयसीयूत रात्री दिवे मंद केले आणि जुन्या पंपाचा पडदा फिका पडला असला, की निळा आणि जांभळा जवळजवळ सारखेच दिसतात. तिथे उन्हात जाण्याची सोय नाही.

म्हणून औषधांची यादी पंपात भरण्याचे काम माझ्याकडे आले, की मी रंग कमीत कमी ठेवायला सांगतो. नाव, तीव्रता आणि वेग मात्र दोन हातांवरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत असावेत, असा आग्रह धरतो. ज्या रुग्णालयात तो प्रकार घडला, तिथे आता हे दोन पंप वेगवेगळ्या स्टँडवर असतात, नळीच्या रुग्णाकडच्या टोकालाही औषधाच्या नावाची चिठ्ठी असते आणि वेग बदलण्यापूर्वी सिस्टर नाव मोठ्याने वाचतात. मी तिथे असलो, की जरा जास्तच मोठ्याने वाचतात.