न्यूझीलंडची नर्सिंग नोंदणी आणि २८ दिवसांची सुई : माझा अनुभव

ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बऱ्याच मुलींचे मला मेसेज येतात. "ताई, न्यूझीलंडची नोंदणी कशी केलीत? ओस्कीच्या नोट्स आहेत का?" ओस्की म्हणजे तिथल्या नोंदणीची प्रात्यक्षिक परीक्षा. नोट्स आहेत, मागितल्या की पाठवतेही. पण त्या नोट्सचं काम ख्राइस्टचर्चला, म्हणजे परीक्षेच्या गावीच, संपतं. पुढे दक्षिण ऑकलंडमध्ये पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना दर २८ दिवसांनी पेनिसिलीनची सुई देताना जे शिकावं लागलं, त्याबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून आज दोन्ही लिहिते. पहिलं भराभर, दुसरं सावकाश.

मी बीएस्सी नर्सिंग केलं आणि पुण्यात लहान मुलांच्या वॉर्डात काही वर्षं काढली. इंग्रजीची परीक्षा आधी दिली. आयईएलटीएसला तीन भागांत ७ लागतात, लिहिण्याच्या भागात ६.५ चालले. मग कागदपत्रं सीजीएफएनएस (आताचं नाव ट्रूमेरिट) या अमेरिकन संस्थेकडून पडताळून घ्यायची. इथे माझं घोडं अडलं, कारण कॉलेजच्या ऑफिसातल्या साहेबांना विषयवार तासांचा तक्ता म्हणजे काय हेच समजावून सांगावं लागलं. प्रत्येक वेळी "उद्या या". शेवटी तो तक्ता मीच टाइप करून नेला आणि त्यांनी शिक्का मारला. मैत्रिणींनो, तुम्हीही तसंच करा, वाट बघत बसू नका.

आमच्या आधी गेलेल्या मुलींना न्यूझीलंडला जाऊन कॅप नावाचा काही आठवड्यांचा कोर्स करावा लागायचा. डिसेंबर २०२३ पासून ते बदललं. आता एक थिअरी परीक्षा, ती पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रात भारतातच देता येते. औषधांच्या सुरक्षिततेचा भाग त्यात वेगळा असतो, आणि मात्रांची गणितं कच्ची असतील तर तिथे दांडी उडते. नंतर ख्राइस्टचर्चला जाऊन ओस्की द्यायची, म्हणजे खोट्या पेशंटवर खरी नर्सिंग करून दाखवायची. परीक्षेआधी दोन दिवस तयारी करून घेतात. हात धुणं, पेशंटची ओळख पटवणं, संमती विचारणं हे तोंडाने बोलून करायचं. आपण मनातल्या मनात करतो, त्याचे मार्क मिळत नाहीत. झालं.

पण या सगळ्याच्या आधी इथल्या नर्सिंग कौन्सिलचे ऑनलाइन कोर्स करावे लागतात. विषय दोन : 'ते तिरिती ओ वाइतांगी', म्हणजे १८४० मध्ये माओरी (इथले मूळ रहिवासी) सरदार आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात झालेला करार, आणि 'कल्चरल सेफ्टी'. बहुतेक जणी हा भाग एका रात्रीत क्लिक करत संपवतात. मला मात्र तो थांबून वाचावासा वाटला. या कल्पनेमागे इरिहापेती रॅम्सडेन नावाची माओरी नर्स होती. १९८८ मध्ये माओरी नर्सिंग विद्यार्थिनींच्या एका मेळाव्यात एका मुलीने विचारलं होतं की, तुम्ही आम्हाला कायद्याची सुरक्षितता शिकवता, नीतीची शिकवता, मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? रॅम्सडेनबाईंनी तो धागा उचलला आणि १९९२ मध्ये हा विषय देशाच्या नर्सिंग अभ्यासक्रमात आला. त्यावरून वर्तमानपत्रांतून गदारोळही झाला.

त्यांचं म्हणणं ऐकायला सोपं आहे आणि पचायला जड. सेवा सुरक्षित होती की नाही हे नर्स ठरवत नाही, ती घेणारा ठरवतो. नर्सने पेशंटच्या चालीरीती पाठ करण्याआधी स्वतःकडे बघायचं : आपल्या हातात किती सत्ता आहे, आपण कुणाला सहज 'बेफिकीर' ठरवतो. व्हॉट्सॲपवर ज्या नोट्स फिरतात, 'सामोअन पेशंट : हे करा, टोंगन पेशंट : ते करू नका', त्या बाईंनी फाडूनच टाकल्या असत्या.

मला नोकरी मिळाली ती दक्षिण ऑकलंडमधल्या समाज-नर्सिंगच्या एका टीममध्ये. ओटारा, मांगेरे, पापाटोएटोए हा सगळा टापू. पापाटोएटोएत भारतीय वाण्याची दुकानं इतकी की पोहे-रव्याची ददात नाही. आणि शनिवारी ओटाराच्या बाजारात जावं तर टारोच्या, म्हणजे अळूच्याच, कंदांचे ढीग आणि शेजारी अळूच्या पानांच्या जुड्या. सामोअन बायका ती पानं नारळाच्या दुधात शिजवून पालुसामी करतात. मी वड्या करते. २०२३ च्या जनगणनेत देशातले ८.९ टक्के लोक पॅसिफिक वंशाचे होते. सामोअन सगळ्यात जास्त, मग टोंगन, कुक आयलंड्सचे, नीउएचे, फिजीचे, टोकेलाऊचे. फिजीचे भारतीय मात्र सरकारी नोंदीत आशियाई धरले जातात. एक फिजी हिंदी बोलणारे काका या प्रकाराने इतके वैतागलेले होते की ब्लडप्रेशर मोजण्याआधी तो विषय संपेपर्यंत थांबावं लागायचं.

माझं मुख्य काम संधिवाती तापाच्या, म्हणजे र्‍हुमॅटिक फीव्हरच्या मुलांना पेनिसिलीन देण्याचं. घसा दुखतो, जंतू स्ट्रेप्टोकोकस, वेळेवर उपचार झाला नाही तर काही मुलांत सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. हा आजार आपल्याला नवा नाही. पुण्यात झडप खराब झालेली मुलं मी पाहिली होती, पेनिड्युरची, म्हणजे याच पेनिसिलीनची, बाटली हलवून हलवून हात दुखलेले होते. ते औषध दाट, सुईत अडकायचं, आणि दर २१ दिवसांनी द्यायचं. इथे भरलेली सिरिंज येते, अंतर २८ दिवसांचं, आणि ते साधारण दहा वर्षं तरी चालवायचं. चक्रावले ते दुसऱ्याच गोष्टीने. इतक्या श्रीमंत देशात हा आजार आहेच कसा? तर आहे, आणि जवळजवळ फक्त माओरी आणि पॅसिफिक मुलांना आहे. गोऱ्यांच्या मुलांत तो जवळपास उरलेलाच नाही. थंड, ओलसर, भाड्याची घरं, दोन खोल्यांत दोन कुटुंबं, एकाचा घसा सगळ्यांना. म्हणून आमच्या फॉर्ममध्ये सुईच्या बरोबरीने पडदे, गाद्या, हीटर यांचीही चौकशी असते. 'हेल्दी होम्स इनिशिएटिव्ह' नावाची योजना २०१३ पासून त्यासाठीच आहे. प्रिस्क्रिप्शनने पेनिसिलीन देता येतं, कोरडी भिंत कुठून देणार?

गृहभेटीला पहिल्यांदा माझ्याबरोबर एक टोंगन सीनियर नर्स आली. गाडीतच तिने सांगितलं, "सकाळी लवकर कुणाचं दार वाजवायचं नाही. आणि वाजवलंस तर आधी नाव सांग, मग कार्ड दाखव." मला वाटलं, झोपमोड नको म्हणून असेल. कारण वेगळं होतं. १९७० च्या दशकात इथे पहाटेचे छापे पडायचे. व्हिसा संपलेल्या लोकांना शोधायला पोलीस पॅसिफिक कुटुंबांच्या घरांत घुसायचे. मुदत संपून राहिलेल्यांत पॅसिफिक लोक एक तृतीयांशच होते, पण पुढे अभ्यास झाला तेव्हा खटले भरलेल्यांत ते ८६ टक्के निघाले. १ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी जाहीर माफी मागितली, सामोअन रीतीप्रमाणे अंगावर चटई पांघरून घेऊन. पण ज्यांच्या घरात पोलीस घुसले होते ती तेव्हाची पोरं आज आमच्या पेशंटांचे आजीआजोबा आहेत. गळ्यात सरकारी ओळखपत्र लटकवून आलेली बाई पाहून पडदा किंचित हलतो आणि दार उघडायला वेळ लागतो. त्याहून जुनी गोष्ट १९१८ ची. ऑकलंडहून निघालेलं तलुने जहाज फ्लूचे रोगी घेऊन सामोआच्या आपिया बंदराला लागलं, तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या न्यूझीलंडच्या कारभाऱ्यांनी ते अडवलं नाही, आणि पश्चिम सामोआतली सुमारे ८,५०० माणसं गेली, पाचातलं एक. शेजारच्या अमेरिकन सामोआने जहाजं रोखली आणि ते वाचले. हे सगळं ठाऊक झाल्यावर "या लोकांचा दवाखान्यावर विश्वास नाही" असं वाक्य मीटिंगमध्ये कुणी बोललं की मला हसू येतं. का असावा?

आता एक घर सांगते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, रग्बीवेडा, हृदयाला थोडी इजा झालेली. आजी जमिनीवर चटईवर बसलेली, म्हणून मीही खाली बसले. आजीने आधी माझी चौकशी केली. कुठली, आईवडील आहेत का, इतक्या लांब मला एकटीला कसं पाठवलं, लग्न झालंय का. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते तस्सं. मी सगळं सांगितलं. पुण्यात मला कुणी शिकवलं होतं की पेशंटला स्वतःबद्दल काही सांगायचं नाही. इथे ते सांगितल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. मग आजी म्हणाली, प्रार्थना करू. थंड पेटीतली सिरिंज मी मुठीत धरून बसले. गार औषध जास्त दुखतं, ते कोमट व्हायला वेळ लागतोच, आणि आजीची प्रार्थना लांब होती. दोन्ही कामं एकदम झाली. नंतर त्याच्या कमरेवर बझी लावली. मधमाशीच्या आकाराचं थरथरणारं छोटं यंत्र, पंखांच्या जागी बर्फ. औषधात बधिर करणारं थोडं लिग्नोकेन, आणि दट्ट्या अगदी हळूहळू दाबायचा. पोरगा दात आवळून रग्बी टीमची नावं म्हणत होता. सुई दिल्यावर रिॲक्शन बघायला थांबावं लागतं, त्या वेळात आजीने स्वतःच्या पायाची जखम दाखवली. मधुमेह होता. आमच्या यादीत तिचं नाव नव्हतं, पण तो पाय तसाच सोडून कशी निघणार? तिला जेवणाचं सांगताना "टारो बंद" असं म्हटलं नाही. "दोन तुकड्यांचा एक करा, पालुसामी खा, डब्यातलं खारं मांस रविवारपुरतं ठेवा" असं म्हटलं. तिने मान डोलावली, मग रविवारी चर्चनंतर जेवायला किती माणसं असतात ते ऐकवलं. बरोबर आहे, ताटात एकटीचं असतंच काय.

मुलांच्या डोक्याला हात लावायचा नाही, डोकं पवित्र, हे मला आधीच सांगितलेलं होतं. मी पाळते. तरी एका सामोअन आजीने माझाच हात धरून नातीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "तूही प्रार्थना कर." तेव्हा विचारून करायचं, इतकंच.

घरात हे असं जमत गेलं. ऑफिसात मात्र डोकं आपटावं लागलं. आमच्या सिस्टीममध्ये पेशंट भेटला नाही की 'डीएनए' अशी नोंद होते, डिड नॉट अटेंडचं छोटं रूप. तीन अक्षरं, आणि दोष पेशंटचा. त्या रग्बीवाल्या मुलाच्या नावापुढे ती एकापाठोपाठ एक होती. शोधलं तर काय? पत्रं जुन्या पत्त्यावर गेलेली. फोन केलेले, पण आमचा नंबर 'प्रायव्हेट' दिसतो आणि तसा फोन इथे कोणी उचलत नाही, वसुलीवाल्यांचा असेल म्हणून. वेळ सकाळी दहाची, आणि आई रात्रभर शहरातली ऑफिसं साफ करून आलेली, तेव्हा झोपलेली. मी संध्याकाळच्या भेटी मागितल्या. वरच्या बाईंनी ओव्हरटाइमचं कारण पुढे केलं. एक महिना मेल, उत्तर, मेल, उत्तर. शेवटी त्या टोंगन सीनियरने युक्ती केली. तिने प्रत्येक 'डीएनए'समोर एकच रकाना वाढवला : 'कुटुंबाशी प्रत्यक्ष बोलणं झालं होतं का?' बऱ्याच ठिकाणी उत्तर 'नाही' आलं. तो तक्ता मीटिंगच्या पडद्यावर लागल्यावर कोणी काही बोललं नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ मिळाली, आणि नाव दिसेल असा कामाचा मोबाइल मिळाला. दोन संध्याकाळी मागितल्या होत्या. दुसरी अजून मिळालेली नाही.

पैशांचा प्रश्न वेगळाच. पेनिसिलीन फुकट. पण आईची गाउटची, प्रेशरची औषधं? दर औषधामागचे पाच डॉलर जुलै २०२३ मध्ये सरकारने काढले, पुढचं सरकार आलं आणि जुलै २०२४ पासून बहुतेक प्रौढांना परत लागू केले. पाच डॉलर ऐकायला किरकोळ. चार औषधं असली की त्यातली कुठली दोन घ्यायची हे फार्मसीच्या काउंटरवर उभं राहून ठरवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारं कम्युनिटी सर्व्हिसेस कार्ड असेल तर ते पैसे लागत नाहीत, म्हणून हल्ली सुईच्या पिशवीत मी त्या कार्डाचा फॉर्मही ठेवते.

तो मुलगा नियमित झाला. मग एका संध्याकाळी गेले तर घरात खोकी भरलेली. वडिलांना ब्रिस्बेनजवळ लोगनला काम मिळालं होतं, पगार जास्त. आजी इथेच राहणार, कारण तिचं चर्च इथे. मला वाटलं, आता तारीख चुकणार. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात या आजाराची वेगळी नोंदवही आहे, तिथे कागद पाठवले, तरी खात्री वाटेना म्हणून फोनही केला. तिकडच्या नर्सने पत्ता घेतला, शाळा सुटायची वेळ विचारली, आईची शिफ्ट विचारली. पुढे म्हणाली, "लिग्नोकेन किती घालता? बझी आहे का त्याच्याकडे, की मी आणू?"

मी म्हटलं, तुम्हीच आणा, इथली ऑफिसची आहे.