आधी पाणी, मग फणी

कुरळे केस कोरडे असताना विंचरायचे नाहीत. या पोस्टमधलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं धरून ठेवा. सरळ केसांवर सकाळी कंगवा फिरवला की काम होतं. आपल्या केसांवर तोच कंगवा फिरवला की एकत्र बसलेल्या बटा सुटतात, एकेक केस वेगळा होऊन पिंजलेल्या कापसासारखा फुलतो, आणि मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, "अगं, केस विंचर की जरा!" लहानपणी मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता माझ्या लेकीला कोणी म्हटलं की मी मध्ये पडते.

आमच्याकडे हे केस आईकडून आलेत. तिचे कुरळे, माझे कुरळे, आणि पाचवीतल्या लेकीचे आम्हा दोघींपेक्षा दाट आणि बारीक वळणांचे. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, मी रोज ठाणे स्टेशनवरून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला जाते. म्हणजे घाम, धूळ, दाराशी उभं राहिलं तर वारा, आणि वर्षातले चार महिने पाऊस. या हवेत कुरळे केस सांभाळता येतात का, असं मला ऑफिसमधल्या मुली विचारतात. येतात, आणि छान येतात. त्यासाठी आधी केस असे का वागतात ते समजून घ्यावं लागतं.

केस ज्या कूपातून उगवतो तो वाकडा असला की केस वळण घेऊनच बाहेर येतो. सरळ केसावरून टाळूचं नैसर्गिक तेल सहज खाली उतरतं. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते अडतं, म्हणून टाळू तेलकट आणि टोकं कोरडी, असं एकाच डोक्यावर दिसतं. दुसरी गोष्ट, केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्याच्या आतले काही बंध पाण्याने सुटतात, सुकताना परत जुळतात. केस ज्या आकारात सुकेल तो आकार पुढच्या धुण्यापर्यंत बराचसा टिकतो. त्यामुळे जे काही करायचं ते केस ओले असतानाच करायचं. फक्त नुसत्या पाण्याने भिजलेला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून ओल्या केसांनाही कंडिशनर लावल्याशिवाय फणी लावायची नाही.

आमचा केस धुण्याचा दिवस रविवार. धुण्याच्या दोनेक तास आधी खोबरेल लावते, तेही टाळूला अगदी थोडं आणि लांबीला भरपूर. आपल्या आज्यांनी खोबरेल धरून ठेवलं ते योग्यच होतं. मुंबईच्याच मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. त्यात केसातल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचाच तो अभ्यास, हे मी मुद्दाम सांगते. पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं आणि केस पाण्याने कमी फुगतो. मात्र रात्रभर तेल थापून ठेवायच्या मी विरोधात आहे, विशेषतः कोंडा असेल तर. कोंड्याला जी बुरशी कारणीभूत असते ती तेलावरच पोसली जाते.

मग शॅम्पू, फक्त टाळूला. कडक शॅम्पूत फेस आणि मळ काढण्यासाठी सल्फेट असतं, आणि इंटरनेटवर ते म्हणजे विषच असल्यासारखं लिहिलेलं असतं. ते मला मान्य नाही. जी बाई एसीत बसून आठवडा काढते तिला सौम्य शॅम्पू पुरतो. गर्दीच्या लोकलमधून घाम गाळत येणाऱ्या बाईच्या टाळूला अधूनमधून कडक शॅम्पू लागतोच. तो लांबीला चोळायचा नाही, इतकंच. फेस खाली उतरताना तेवढ्यानेच लांबी धुतली जाते.

आणि आता गुंता. इथे घाई केली की सगळं वाया. लेक स्टुलावर बसते, मी केसांचे चार भाग करून तीन चिमट्यांनी वर बांधते. हातात कंडिशनर घेते, एका भागावर टोकांपासून चोळत वर जाते, वर थोडं पाणी मारते. केस असा बुळबुळीत लागायला हवा की बोटांतून सुटून जाईल. आधी बोटंच. मानेवरच्या केसांत दर वेळी एक गाठ सापडते, शाळेच्या कॉलरला घासून झालेली. ती ओढायची नसते. गाठीच्या वरचा केस एका हाताने घट्ट धरायचा, म्हणजे मुळाला ताण बसत नाही, आणि दुसऱ्या हाताने गाठीच्या कडेने एकेक केस सोडवत बाहेर काढायचा. लेक विचारते, "कात्रीने काप ना, आई." "थांब गं, सुटतेय," असं म्हणत म्हणत ती खरंच सुटते. मग जाड दातांची फणी, टोकाकडून मुळाकडे, थोडी थोडी. तो भाग झाला की सैल पेड घालून बाजूला, आणि पुढचा भाग.

हे भाग करणं, पेड घालून बाजूला ठेवणं, केस धुण्याचा एक राखलेला दिवस, रात्री सॅटिनची टोपी, यातलं बरंचसं आपण कृष्णवर्णीय बायकांकडून घेतलंय. अतिशय घट्ट वळणांचे केस त्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळले, आणि त्या केसांपायी नोकरीत आणि शाळेत अपमान सोसले. कॅलिफोर्नियात २०१९ साली क्राउन अ‍ॅक्ट नावाचा कायदा झाला, तेव्हा कुठे तिथे नैसर्गिक केस आणि वेण्या यांवरून भेदभाव करायला मनाई आली. हल्ली रीलमध्ये "माझे केस थ्री बी आहेत" वगैरे आकडे ऐकू येतात, ते केसांच्या वळणांचं वर्गीकरणही अमेरिकन टीव्ही सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्री यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांच्यापासून सुरू झालं. आपण त्यांचं ज्ञान वापरतो तर त्यांचं नाव घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

धुतल्यावर जाड टर्किश टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. त्यासाठी परदेशी साइटवर खास मायक्रोफायबरचे टॉवेल मिळतात, जुना टीशर्ट वापरा असंही सांगतात. आपल्या घरात पंचा असतो! पातळ, मऊ, पाणी पटकन टिपणारा. केस पुढे सोडून पंचात गोळा करायचे आणि मुठीने दाबायचे, बस. उशीच्या अभ्र्याचंही तसंच. ब्लाउजच्या अस्तराचं सॅटिन आणून मी पिको-फॉल करणाऱ्या काकूंकडून अभ्रे शिवून घेतलेत. सुती अभ्र्यावर केस घासतो, ओल शोषली जाते, सॅटिनवर घसरतो.

जेल मी घरी करते, जवसाचं. जवस तर आपल्याकडे चटणीसाठी असतातच. मी जांभळी नाक्यावरून किराणा आणते तेव्हा पाव किलो जास्त घेते. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आच. सतत ढवळायचं, नाहीतर तळाला धरतात. आधी नुसतं पाणी उकळतंय असं वाटतं, मग वर पांढरा फेस येतो, आणि सात-आठ मिनिटांत चमचा उचलला की त्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबायला लागते. त्याच क्षणी गॅस बंद. आणखी दोन मिनिटं ठेवलं तर इतकं घट्ट होतं की गाळताच येत नाही. गाळायचं गरम असतानाच, स्टीलच्या चाळणीतून किंवा मलमलच्या फडक्यातून, आणि भाजायला नको म्हणून चिमट्याने पिळायचं. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं की आठवडाभर राहतं. वास बदलला की टाकून द्या, त्यात काही जतन करणारं नसतं.

हे जेल केस चांगले ओले असताना लावायचं. दोन्ही तळहातांना लावून भागाभागाने केसांवरून फिरवायचं, मग डोकं खाली करून मुठीत केस खालून वर दाबायचे. पाणी आणि जेल मिळून चपचप आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर पाणी कमी आहे. त्यानंतर सुकेपर्यंत हात लावायचा नाही. सुकल्यावर केस कडक लागतात, अनेकजणी इथे घाबरून परत धुतात. धुवू नका. हाताला दोन थेंब तेल घ्या आणि केस मुठीत हलके चुरगाळा. कडकपणा मोडतो आणि बट आहे तशी राहते.

पाण्याविषयी जरा लिहायला हवं, कारण आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर येतो आणि काही इमारतींत बोअरचं पाणी मिसळतात. पालिकेच्या पाण्यावर छान असलेले केस एप्रिल-मेमध्ये एकाएकी खरखरीत झाले, शॅम्पूला फेस येईना, नळावर पांढरे डाग पडले, तर दोष तुमच्या कंडिशनरचा नाही. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात. मी त्या दिवसांत शेवटचे दोन-तीन मग आरओचं पिण्याचं पाणी वापरते, आणि कधीकधी मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून केसांवरून सोडते. एक मात्र सांगते: आरओच्या मशीनमधून जे पाणी वाया जातं ते लादी पुसायला घ्या, केसांना नको. सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात.

पावसाळ्यात उलटा प्रश्न. हवेतच इतकी ओल की केस ती पिऊन फुगतात. केसांच्या ज्या क्रीममध्ये ग्लिसरीन पहिल्या चार-पाच घटकांत आहे ते मी जूनमध्ये कपाटात ठेवून देते, कारण ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं. त्या चार महिन्यांत क्रीम कमी, जेल जास्त. आणि ओले केस बांधून ट्रेनमध्ये चढायचं नाही. टाळू ओली राहिली की वास येतो, खाज सुटते. मी रात्री आठच्या आत धुते आणि पंख्याखाली बसते.

स्मूदनिंग, म्हणजे केस सरळ-मऊ करून का घेत नाहीस, हे मला पार्लरमध्ये दर वेळी विचारतात. ज्यांना करायचं त्यांनी जरूर करावं, पण काय होतं ते माहीत असू द्या. रिबाँडिंगमध्ये केसाच्या आतले पक्के बंध रसायनाने तोडून केस सरळ केला जातो. तो केस परत वळत नाही, आणि मुळातून नवा केस कुरळाच येतो, म्हणून दर काही महिन्यांनी पुन्हा. केराटिन ट्रीटमेंट म्हणून जे विकतात त्यातल्या काहींमधून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मॅल्डिहाइडची वाफ निघते. डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. एका पार्लरमध्ये माझ्या लेकीकडे बघून, "हिचं आत्ताच करून घ्या, मोठेपणी त्रास नको," असं सांगितलं गेलं. दहा वर्षांच्या मुलीसमोर. मी तिथे परत गेले नाही.

कारण ती ऐकत असते. "आई, माझे केस वाढतच नाहीत," असं म्हणून ती मध्यंतरी रडली होती. मी तिला आरशासमोर उभं केलं, एक ओली बट सरळ खेचून धरली. ती कमरेजवळ पोचली. सोडली तशी खांद्यावर उडी मारून बसली. तिने ते परत परत करून पाहिलं. आता तिच्या मैत्रिणींनाही करून दाखवते.

शाळेत दोन वेण्या आणि रिबिनी लागतात. त्याला माझी ना नाही. डायरीत "केस नीट विंचरून पाठवावेत" असा शेरा आला, तेव्हा मात्र मी जाऊन भेटले. बाईंना सांगितलं की केस रात्रीच ओले करून, गुंता काढून वेण्या घातलेल्या असतात, आणि कपाळावरचे बारीक कुरळे केस पुढे येणारच. ते मागे ओढून घट्ट बांधले तर कानशिलाजवळचे केस मुळातून कमी होत जातात. बाईंनी शांतपणे ऐकलं. त्यानंतर शेरा आला नाही. मी पुढच्या केसांची सागरवेणी घालून मागे नेते आणि वेणी इतकी सैल ठेवते की खाली करंगळी जाईल.

गॅदरिंगला तिला केस मोकळे सोडायचेत. त्यासाठी आम्ही दोन-दोन पेडांचे पीळ घालणार आहोत, सगळ्या डोक्यावर, ओल्या केसांना जवसाचं जेल लावून. पीळ पूर्ण सुकल्याशिवाय सोडायचे नाहीत, नाहीतर तासाभरात सगळं फुलून बसतं. एवढ्या दाट केसांना रात्र पुरत नाही, म्हणून आदल्या दिवशी दुपारीच बसायचं ठरलंय.